माधवरावांचा कुकर

तंजावूर, डिसेंबर १९९४, मंगळवार संध्याकाळ

तापाने हिची अन्नावरची वासना उडाली आहे. माझं मिरीचं सारही नको म्हणते. आणि शेजारचे माधवराव नव्या कुकरात टोमॅटोचं सूप करून आणतात, वर शाळेतली कविता म्हणतात (एक कडवं गाळून!), तर ही वाटी निपटून म्हणते, "वा, भावोजी!" मला कधी म्हणाली?

तिरमिरीत साराचा कथलाचा चंबू पाणी घालण्याआधीच स्टोव्हवर ठेवला. बूड वितळलं. शेवटी माधवरावांचाच कुकर मागायला गेलो.

"घ्या मास्तर. शिट्टीला घाबरू नका!"

तोच कुकर! त्यात सार केलं. कुकर ओळखून ही दोन वाट्या प्यायली. "भावोजींच्या हाताला चवच वेगळी!"

खरं सांगावं? पण मग वाटी खाली ठेवेल. तिसरी वाटी भरली.