दुसऱ्यांदा टाकलेली तिरकी रेघ

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे.

माझे मालक वारल्यावर त्यांच्या जागी मला साखर कारखान्यात घेतलं आणि ऊस विभागात संगणकापुढं बसवलं. तिथला प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलेला. मी दहावी झालेली, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायचे. तुम्ही घरचा जुना शब्दकोश आणून दिलात. काळ्या पडद्यावर आपण दिलेला शेवटचा हुकूम यंत्र धरून ठेवतं, हेही तुम्हीच दाखवलंत. "सासूसारखं आहे बघा, आपला शेवटचा शब्द सोडत न्हाय." हुकूम चुकला तर सगळा पुन्हा लिहायचा नाही. तो समोर आणायचा, तेवढा शब्द बदलायचा, तिरकी रेघ टाकून एंटर दाबायचं, की तोच पुन्हा चालतो. "पण आधी वाचायचं, बाई. त्याला आपल्या मनातलं कळत न्हाय."

त्या दिवशी एका गावाची ऊसतोड आठ दिवस पुढं ढकलायची होती. मी हुकूम लिहून तिरकी रेघ टाकली. मध्येच फोन आला. बोलून परत बसते तर हुकूम चालला की नाही ते आठवेना. पडद्यावरचं न वाचताच मी पुन्हा तिरकी रेघ टाकली. सगळ्या तारखा आणखी आठ दिवस पुढं गेल्या. ठरल्या दिवशी तोडणीची टोळी गेलीच नाही, उभा ऊस वाळायला लागला, आणि शेतकरी तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सायेब, आमी आता ऊस चुलीत घालायचा व्हय?" तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात.

ते गेल्यावर तुम्ही विचारलंत, "बाई, हुकूम एकदाच दिलात ना?"

"व्हय सर, एकदाच."

मला तोवर सगळं कळून चुकलं होतं. पण पोरगी शाळेत होती, आणि नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. तीन दिवस स्वतःचा प्रोग्रॅम ओळीओळीनं तपासलात. काही सापडलं नाही, तरी दोष माझ्याच प्रोग्रॅमचा, असं वरच्यांना लिहून दिलंत. तुम्हाला तिथून काढून गोदामावर बसवलं. पुढं तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही तुम्ही म्हणालात, "ती चूक कुटं होती, काय गावली न्हाय बघा." मी मोसंबी सोलत राहिले.

तुमचा प्रोग्रॅम बरोबर होता, सर.

हे पत्र पाठवायचं कुठं, असं मी स्वतःलाच विचारते. पण तुमच्या घरच्या वहिनी इथंच सोलापुरात असतात, माझ्या घरापासून दोन स्टॉपवर. परवा भाजी घेताना भेटल्या, घरी या म्हणाल्या. येते म्हणाले. गेले नाही.