माझं नाक आणि बी विंगचं गटार

४ जानेवारी
बोरीवलीच्या घरी परत. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ चक्क नाकातून काढली. बाहेर एक टाका नाही. झकास! डॉक्टर म्हणाले, नाक शिंकरायचं नाही, मिठाच्या पाण्याने रोज दोनदा धुवायचं, महिन्याने दाखवायला यायचं. करणार. शिस्त म्हणजे शिस्त.

५ जानेवारी
धुतलं. पाणी घशात, डोळ्यांत, बहुतेक कानातही. पुरे झालं. वसुधा बिचारी पाणी कोमट करून बाटली हातात देते. बायकोचं मन कशाला मोडा? बाथरूमच्या खिडकीतल्या मनीप्लांटला घालतो.

२ फेब्रुवारी
तब्येत फर्स्टक्लास. डॉक्टरकडे जायला वेळ नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. घरात भयंकर घाण वास येतोय. गटार तुंबलं असणार. वसुधा म्हणते, डॉक्टरकडे जाऊ. वासाला डॉक्टर काय करणार? प्लंबर बोलावला.

९ फेब्रुवारी
धोंडू प्लंबरने बी विंगची सगळी झाकणं उघडली. म्हणे, गटार साफ आहे. मग वरच्या कुंदाताईंचं सुकटच! नोटीस लावली. त्या तडक खाली आल्या. महिनाभर घरात मासळी शिजली नाही, म्हणाल्या, नवऱ्याला पथ्य आहे. बोलताना पदर मात्र नाकाला. म्हणजे वास त्यांनाही येतोय. चोरी पकडली!

१५ फेब्रुवारी
वसुधा हॉलमध्ये झोपायला लागली. पंख्याचा वारा बाधतो म्हणे. खरं कारण मला ठाऊक आहे: आजारी माणसाला ऐसपैस झोपता यावं. गुणी बाई. मनीप्लांट सुकला. गटाराने झाडंही मरतात, हा मुद्दा मीटिंगमध्ये घेणार.

२२ फेब्रुवारी
डोकं असं ठणकलं की वसुधाने सरळ रिक्षात कोंबलं. डॉक्टरांनी नाकात कॅमेरा घातला. स्क्रीनवर हिरव्या-पिवळ्या खपल्या. गटार सापडलं. सायनसच्या हाडालाच सूज आली आहे. वर लगेच मेंदू, त्यामुळे खेळ नको. कित्येक आठवडे गोळ्या, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. घाबरलो. रोज धुता ना, त्यांनी विचारलं. हो, म्हटलं. वसुधा म्हणाली, कुंडीत मिठाचा थर आहे, मनीप्लांटचं नाक एकदम स्वच्छ असेल.

२३ फेब्रुवारी, रात्री
नोटीस काढली. कुंदाताईंची माफी मागायला गेलो. दार उघडलं आणि त्यांचा पदर नाकाला गेला.

आज वसुधा बाथरूमच्या दारात उभी राहिली, बाटली रिकामी होईपर्यंत. आत झोपायला कधी येतेस, विचारलं. म्हणाली, आधी तो वास जाऊ दे.

म्हणजे तिला रोज येत होता. मला लागेल म्हणून बोलली नाही, पंख्यावर ढकललं. खूप रडू आलं. नाक भरून आलं. आणि शिंकरायचं नाही.