बाकावरच्या पाटीचा मजकूर

प्रिय टिल्ले,

तू पाठवलेला पाटीचा मजकूर आईने आणि मी दोघांनीही वाचला. अक्षरं छान निवडली आहेस. तुझ्या बाबांच्या आठवणीसाठीच्या बाकाला जागा त्यांनी बांधलेल्या पुलाच्या बरोबर समोर मिळाली हे तर फारच उत्तम झालं. पुलाकडे पाठ करून बसवलं असतं तर त्यांची मान अवघडली असती. खाली तू लिहिलं आहेस, ‘पत्नी, मुलगी आणि कुटुंबीय’. आणि मग मला फोनवर चाचरत विचारलंस, “दादा, तू कुटुंबीयांत आलास तर चालेल ना? तुझं आडनाव वेगळं, म्हणून मला कळेना काय लिहू.” मी ‘सांगतो’ म्हणालो आणि तुझ्या गळक्या गॅलरीचा विषय काढला. पाटीवाल्याला जरा थांबायला सांग. मला रागबिग आलेला नाही. फक्त तुला आधी थोडं ऐकून घ्यावं लागेल, आणि ते बरंचसं तुझ्या जन्माआधीचं असल्यामुळे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी इतका लहान होतो की मला ते फोटोतलेच आठवतात. मी नऊ वर्षांचा असताना आईने एका उंच, अवघडलेल्या माणसाला घरी आणलं आणि सांगितलं, “हे इंजिनियर आहेत. आता आपल्याबरोबर राहणार.” त्यांना बाबा म्हणायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग हाक काय मारायची? मारली ‘इंजिनियर’ म्हणून. आईने डोळे वटारले. ते मात्र हसून म्हणाले, “बरोबर आहे की! मी आहेच इंजिनियर.” ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तू बोबडं बोबडं बाबा म्हणायला लागलीस तरी माझं आपलं इंजिनियरच.

घरात आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? ट्रंकेत पडलेला माझ्या वडिलांचा फोटो काढून भिंतीवर लावला. तोही पाणसळीने पातळी बघून, हातभर मागे जाऊन, एक डोळा मिटून. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती बघत होती. दुसरं काम माझ्या उंच पलंगाचं. वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल. पलंग तयार झाल्यावर मला वर चढवलं आणि स्वतः त्याच्या खाली जमिनीवर उताणे पडले. म्हणाले, “मार उड्या. पुलावर भरलेले ट्रक उभे करून चाचणी घेतात तेव्हा मी पुलाखालीच असतो. आपण बांधलेलं आहे, मग खाली दुसऱ्याला कशाला उभं करायचं?” माझ्या पोटात त्या माणसाबद्दल जेवढा राग होता तेवढा सगळा घालून मी उड्या मारल्या. ते खालून म्हणत होते, “अजून जोरात! काय रे, जेवला नाहीस का?” पलंग तसूभर हलला नाही. दमलो तो मीच.

त्या पलंगाची पुढची गोष्ट तुला आईने अर्धीच सांगितली आहे. घर बदलायचं ठरलं तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस. सामान निघालं, टेंपो दारात उभा, आणि पलंग काही खोलीच्या दारातून जाईना. आडवा जाईना, उभा जाईना. सुटा करावा तर प्रत्येक सांध्यात खिळे, स्क्रू आणि वर सरस! ज्या माणसाने नदीवर पूल टाकले, त्याने खोलीचं दार मोजलंच नव्हतं. शेवटी दाराची चौकट काढावी लागली. आई म्हणाली, “उंटावरचा शहाणा ऐकून होते, तो माझ्याच घरात नांदतोय हे माहीत नव्हतं.” टेंपोवाला हसून हसून पायरीवर बसला. मी विचारलं, “इंजिनियर, असं कसं झालं?” तर कान लाल करून म्हणाले, “हा पलंग कधी इथून हलवायचा असेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही रे.” मी तेव्हा खूप हसलो. हल्ली ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

आडनावाचंही सांगून टाकतो. शाळेत माझं नाव बदलून घेऊ या, असं आईने सुचवलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. मला वाटलं, झालं, यांना मी नकोच आहे. खरं काय ते आईने मला फार पुढे, माझ्या लग्नात सांगितलं. ते तिला म्हणाले होते, “त्याच्या बापाची तेवढीच तर खूण आहे त्याच्याजवळ. ती पुसणारा मी कोण?” त्यांचं प्रेम हे असं होतं बघ, आपल्याला पत्ता लागू न देता चाललेलं. मुख्य कचेरीतली मोठी जागा त्यांनी सोडली ती ‘तिथली हवा मानवणार नाही’ म्हणून. हवेशी त्यांचं कसलं वाकडं? तू नुकती शाळेत जायला लागली होतीस आणि माझं घरी धड कोणाशी पटत नव्हतं, हे खरं कारण.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ऐकत नाही. अजून कपडे त्यांच्याच पद्धतीने वाळत घालते, जड टॉवेल दोरीच्या टोकांना आणि हातरुमाल मध्ये, म्हणजे दोरीला झोळ पडत नाही. काल मी चुकून चादर मध्येच टाकली, तर म्हणाली, “अरे, ते बघतील ना!” आणि मी चादर काढून टोकाला टाकली.

आता शेवटचं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्यांच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तू आईला घेऊन खाली चहाला गेली होतीस. ते शुद्धीवर आहेत का, हे बघायला आलेल्या नर्सने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “आजोबा, हे कोण आलेत, ओळखलंत का?” त्यांनी तिच्याकडे वैतागून बघितलं. “यात ओळखायचं काय? मुलगा आहे माझा. थोरला.” आणि लगेच, “ते जाऊ दे, या खाटेचं एक चाक लॉक झालेलं नाही, ते आधी बघा.” चाक लॉक करायला मी खाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो. वर उठून बाबा म्हणून हाक मारायची, असं ठरवलं होतं. उठलो तोवर त्यांना झोप लागली होती, आणि नंतर ते जमलंच नाही. म्हणून हे पत्र, टिल्ले. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. माझं आडनाव आहे तेच राहू दे, पण पाटीवर ‘पत्नी, मुलगा, मुलगी’ असं कर. आणि माझं आधी का, म्हणून भांडत बसू नकोस. मी थोरला आहे. बाबांनीच सांगितलंय.

तुझाच,
दादा