शून्य, की भरलंच नाही?

सेक्टर ४, आर. के. पुरम,
नवी दिल्ली
शनिवार, ८ नोव्हेंबर २००३

चि. सुनंदा हिस भाऊंचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझा गुडघा आहे तसाच, जिना दिसला की कुरकुरतो. यशोधनच्या नोएडाच्या बसची वेळ अलीकडे आली आहे, त्यामुळे तो पहाटे सगळ्या घराला उठवतो आणि स्वतः बसमध्ये बसून घोरतो. थंडी सुरू झाली. कोपऱ्यावरच्या दुकानात तिळाची गजक आली आहे. मयुराला आवडते म्हणून पाठवतो आहे, तू आधी संपवू नकोस.

हे पत्र रेवती तुझ्या हातात देईल. आता म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? बाई गं, तू फोन उचलत नाहीस, आणि उचललासच तर "मीटिंगमध्ये आहे भाऊ" म्हणतेस. पत्राला तसं सांगता येत नाही. रेवतीला आत बसव, पाणी दे आणि मग निवांत वाच. ती घाईत नाही. पत्र जरा लांबणार आहे, तुझा बाप लिहितो आहे.

भाऊबीजेला तू आली नाहीस. यशोधनने पाट मांडला होता. संध्याकाळी स्वतःच उचलून ठेवला आणि म्हणाला, "ताईला जमलं नसेल." मला फार वाईट वाटलं, ते इथे लिहून टाकतो म्हणजे पुन्हा बोलायला नको.

आता तुला न आवडणारी गोष्ट करतो, रेवतीचं कौतुक. ती लग्न होऊन आली तेव्हा तू मला हळूच म्हणाली होतीस, "भाऊ, आपल्या घरात बेरजा करणारी आणलीत." तेव्हा मीही हसलो होतो. मी निवृत्त झालो तेव्हा आपण हा सेक्टर सोडला. आज त्याच सेक्टरमध्ये मी राहतो तो तिच्या नावावर मिळालेल्या क्वार्टरमध्ये. दारावर तिच्या नावाची पाटी आहे आणि खाली मी माझी लावू दिलेली नाही. पोस्टमन मला "मॅडम के ससुरजी" म्हणतो. तुझ्या बापाला इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत एवढा मान मिळाला नव्हता.

तिचं काम काय, हे मला कालपरवापर्यंत धड ठाऊक नव्हतं. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे तिच्या ऑफिसात येतात. चोऱ्या, खून, दरोडे, सगळे. तिच्या टेबलावर येतो तो माणसांच्या खरेदी-विक्रीचा भाग, बायका आणि मुलींचा. त्याला धड एक रकाना नाही म्हणे. अल्पवयीन मुलीला फूस लावली तो एक, विकली तो दुसरा, विकत घेतली तो तिसरा, बाहेरच्या देशातून आणली तो चौथा. ती ते सगळं एकत्र मांडते आणि गेल्या वर्षाशी ताडून बघते. एकदा एका राज्याचा आकडा निम्म्यावर आला. मी म्हटलं, "वा, सुधारणा आहे!" तर मला म्हणाली, "भाऊ, गुन्हे कमी झाले की लिहिणारे, ते अजून कळायचंय. ज्या राज्याचा आकडा मोठा आहे ना, तिथे कदाचित ठाणेदार प्रामाणिक असेल." मी तेव्हापासून वर्तमानपत्रातला कुठलाही आकडा सरळ मनाने वाचू शकत नाही.

तिची एक सवय तर तिच्या ऑफिसात चेष्टेचा विषय आहे. एखाद्या जिल्ह्याकडून रकाना रिकामा आला की बाकीचे तिथे शून्य घालून मोकळे होतात. ही घालत नाही. ही फोन लावते. मी एकदा तिला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा कानांनी ऐकलं. "सर, ज़ीरो है, या भरा नहीं?" पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला असणार, एक ही बात है. तर ही शांतपणे, "नहीं सर. ज़ीरो मतलब आपने देखा और कुछ नहीं मिला. खाली मतलब किसी ने देखा ही नहीं." मग पुन्हा दुसऱ्या जिल्ह्याला फोन. तेच वाक्य, तोच आवाज. डबा गार झाला.

सुनंदा, मला तिचा अभिमान वाटतो. पोटच्या मुलीचा वाटतो तसाच वाटतो, आणि तुझा कमी झालेला नाही. हे नीट वाच.

आता गणपतीचं. तू विषय काढणार नाहीस, मला काढावाच लागेल. तू पिंकीला मदतीला घेऊन आली होतीस. रेवती आणि ती स्वयंपाकघरात खाली बसून मोदक वळत होत्या, मी दारात नारळ खोवत होतो. रेवतीने सहज विचारलं, "नाम क्या है तेरा?"

"पिंकी."

"घर में क्या बुलाते थे?"

पोरगी थांबली. हातातल्या पारीला एक कळी जास्तच पडली. मग म्हणाली, "एतवारी."

"इतवार को हुई थी?"

ती हसली. मी त्या मुलीला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तुझ्याकडे कामाला लागल्यापासून ती चारदोनदा तरी आपल्या घरी आली असेल. मग रेवतीने घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि तेवढ्यात तू आत आलीस. "रेवती, उगाच तिला रडवू नकोस. तिला कुणी नाहीये. एजन्सीवाल्याने सांगितलंय, अनाथ आहे." रेवती म्हणाली, "ताई, त्याने तसं लिहून दिलंय का?" तू म्हणालीस, "आई-वडिलांची जागा कोरी आहे फॉर्मवर, अजून काय लिहायचं?"

पुढचं सगळं त्या कोऱ्या जागेवरून झालं. ती म्हणाली, कोरी आहे म्हणजे कुणी विचारलं नाही. तू म्हणालीस, ऑफिस घरी आणू नकोस, आमच्या सोसायटीत असले प्रकार होत नाहीत. आवाज चढले. तू मयुराचा आणि त्या मुलीचा हात धरून प्रसाद न घेता गेलीस. विनयराव बिचारे गाडीची किल्ली शोधत राहिले.

तुला वाटलं असेल रेवती विसरली. मलाही तसंच वाटलं. पण तिच्याजवळ त्या मुलीने मोदक वळता वळता सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या. गावात गुरुवारी बाजार भरतो, आणि बाजाराकडे जाणाऱ्या पुलाला कठडा नाही. मुलगी झारखंडची हे तूच कधीतरी सांगितलेलं, पण झारखंड एवढं मोठं, यावरून काय सापडणार? पण तिकडच्या एका जिल्ह्यात तिर्कीबाबू म्हणून पोलिसांचे आकडे पाठवणारे गृहस्थ आहेत. "ज़ीरो है या भरा नहीं" हे त्यांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. कधी भेट नाही. तिने त्यांना विचारलं. तेही ऑफिसच्या फोनवरून नाही बरं का! खाजगी काम म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पीसीओवर जाऊन उभी राहायची. मी म्हटलं, अगं घरून कर. तर म्हणे, दुपारीच ते जागेवर सापडतात.

तिर्कीबाबू आपल्या स्कूटरवरून गुरुवारचे बाजार फिरले. दिवाळीच्या आधी त्यांचा निरोप आला, "मॅडम, पुल मिल गया. बाप भी मिल गया."

सुनंदा, तिला बाप आहे. आजी आहे. दोन धाकटे भाऊ आहेत. सोमरा उराँव त्याचं नाव. ओळखीची एक बाई "शहरात शिलाई शिकवतात" सांगून मुलीला घेऊन गेली. तो चौकीवर गेला होता. त्याला सांगितलं, दिल्ली गई होगी, कमा के लौट आएगी. कुणी काही लिहून घेतलं नाही. म्हणजे रेवतीच्या कुठल्याच रकान्यात ही पोर नाही. हरवलेली नाही, पळवलेली नाही, विकलेली नाही. तुमच्या अकराव्या मजल्यावर भांडी घासते आहे, आणि देशाच्या हिशेबी ती घरीच आहे.

तो परवापासून आपल्याकडे आहे. मी हे इतका वेळ लिहिलं नाही, कारण कसं लिहावं ते कळत नव्हतं. बाहेरच्या खोलीत झोपतो. आपण उठायच्या आत अंगण झाडून ठेवतो, मी नको म्हटलं तरी. गावाहून एक पिशवी आणली आहे, मडुआचं पीठ. मडुआ म्हणजे आपली नाचणीच, मी चव घेऊन पाहिली. एतवारीला त्याची भाकरी आवडते म्हणाला. पिशवी उशाशी घेऊन झोपतो. मला त्याच्यासमोर तुझं नाव घ्यायला जड जात होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी नुसतंच "चाय पियो, चाय पियो" करत राहिलो.

एक बाजू मी सगळ्यांना सांगितली आहे. तू तिच्या अंगावर हात टाकला नाहीस, तिला उपाशी ठेवलं नाहीस. मयुराचे चांगले कपडे दिलेस, ताप आला तेव्हा डॉक्टरकडे नेलंस. तुझी दिवसभराची नोकरी, विनयरावांचे दौरे, घरात कुणीतरी हवंच, हे मला समजतं. रेवतीलाही समजतं. एजन्सीवाल्याने तुला फसवलं हे ती माझ्याआधी म्हणाली. पगार तो परस्पर घेतो आणि "घरी पाठवतो" म्हणतो, तो सोमराकडे कधीच पोचलेला नाही.

पण मयुरा मला फोनवर बोलून गेली आहे. मी विचारलं, तुमची पिंकी खाली बागेत येते का तुझ्याबरोबर? तर म्हणाली, "नाही आजोबा, आम्ही जातो तेव्हा मम्मी बाहेरून लॉक करते ना. सेफ्टीसाठी." पोरीने किती सहज सांगितलं. दोघी एकाच वयाच्या आहेत गं. 

मग मी बापाचं काम करायला गेलो. रेवतीला म्हटलं, आपण गुपचूप मुलीला आणू, बापलेकीला गाडीत बसवून देऊ, आपल्या घराचं नाव कुठे यायला नको. विनयरावांची कंपनी, तुमची सोसायटी, लोक काय म्हणतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं पटलं. मग म्हणाली, "भाऊ, मग ती मोजली जाणार नाही. आणि तो माणूस पुढच्या महिन्यात त्याच बाजारातून दुसरी आणेल. ताईंच्याच मजल्यावर कुणाकडे तरी देईल." आवाज न चढवता म्हणाली. मला तिचा राग आला, आणि ती बरोबर आहे हेही त्याच क्षणी कळलं.

म्हणून असं ठरलं आहे. उद्या दुपारी सोमरा त्या एजन्सीवाल्याविरुद्ध तुमच्या गुडगावच्या ठाण्यावर तक्रार देणार. मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेमलताबाई त्याच्याबरोबर आहेत, त्या पोलिसांना पुरून उरतात. त्या माणसाने मुलगी कुठून आणली, काय सांगितलं, पैसे कसे घेतले, हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, तू. तू जबाब दिलास तर तो माणूस सुटणार नाही. नाही दिलास तर सोमराच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, तूच सांग.

तक्रारीत तुझ्या घराचा पत्ता आहे. तो रेवतीने दिलेला नाही. मी दिला. ती म्हणाली होती, ताईंना आधी आपण होऊन यायची संधी द्या. मी म्हटलं, संधी दे, पण पत्ता मी लिहून देतो, म्हणजे नणंद-भावजयीत कायमचं वाकडं यायला नको. रागवायचं तर माझ्यावर रागव. मी म्हातारा आहे, मला राग पचतो.

आता वाचून संपत आलंच आहे. रेवती समोर बसली असेल. एतवारी स्वयंपाकघरात असेल. तिला सांग की तिचा बाप आला आहे. तू सांग, रेवतीला सांगू देऊ नकोस. मग तुझ्या त्या गॅलरीत जा आणि खाली गेटजवळच्या बाकाकडे बघ. तू मला साठीला दिलेला राखाडी स्वेटर घातलेला माणूस दिसेल, तो सोमरा. त्याच्याकडे गरम काही नव्हतं, म्हणून मी दिला. तुला चालेल हे मला माहीत आहे.

त्याच्या शेजारी आणखी एक जण बसलेला दिसेल. एवढं मोठं घर घेतलंस, दहादा बोलावलंस, आणि लिफ्टची भीती वाटते म्हणून मी कधी आलो नाही. उद्या येतो आहे. वर नाही, खालीच. ठाण्यावर तुझ्याबरोबर मी असेन, कितीही वेळ लागला तरी.

बाकावर दोघे बाप आपापल्या मुलीची वाट बघत बसलो आहोत. एतवारीचा हात धर आणि दोघी खाली या.

तुझा,
भाऊ