ओटिलियाची वाईट बाई

४ ऑक्टोबर १९४६, शुक्रवार

माझ्या नातीच्या, ओटिलियाच्या, कराराचे हेही सहा महिने मंगळवारी भरतात. तिला ठेवायची की हाकलायची, ते सिनेमाचा स्टुडिओ दर सहा महिन्यांनी ठरवतो. हाकललं तर दोघी परत पेनसिल्व्हेनियाला, खाणीच्या धुरात. माझं काय, मी तिथलीच. पण पोरीने दोन वर्षं नुसते ट्रे घेऊन आत येणाऱ्या मोलकरणी केल्या. आता कुठे चांगली भूमिका मिळालीय! चांगली म्हणजे वाईट बाईची. सिनेमात नवऱ्याला विष घालते. घरी मात्र कॉफीचा कप कुठेही ठेवते, डाग मी पुसत फिरते.

५ ऑक्टोबर

आज चित्रपट अनोळखी लोकांना दाखवणार, गुपचूप. दारात कार्डं वाटतात, लोक मत लिहितात, ते वाचून साहेब नटीचं नशीब ठरवतात. घरच्यांना बंदी. पण पोरीच्या तोंडून गाव निसटलं — पासाडेना!

“आजी, तू यायचं नाहीस. शेजारच्या बाईला माझं बाळपण सांगत बसशील.”

बरं म्हटलं. पाचची ट्राम आहे.

६ ऑक्टोबर

गेले! तिसरी रांग. अर्ध्या तोंडावर सावली, सिगारेटचा धूर — काय दिसली! पाच मिनिटं माझी पोर, माझी पोर. मग विसरलेच! नवरा टेबलाशी तडफडून मेला आणि ही भवानी काय करते? त्याचा पेला उचलते, खालचा ओला डाग पुसते, फडकं नीट घडी करून ठेवते. मग त्याच्याकडे बघते. अंगाची आग झाली माझ्या. शेजारची म्हणाली, हिला कुणीतरी थोबाडायला हवं. मी म्हटलं, तुम्ही धरा, मी मारते.

बाहेर हातात कार्ड आणि पेन्सिल आली. दाबून लिहिलं — ‘हिला बघून ओकारी येते. काळजाच्या जागी धोंडा आहे.’ पेटीत टाकलं.

ट्राममध्ये बसल्यावर डोकं ठिकाणावर आलं. कुणाबद्दल लिहिलं मी!

७ ऑक्टोबर

तिला सांगितलं नाही. ती नखं खातेय. मी टेबल चारदा पुसलं.

८ ऑक्टोबर

ठेवली! नवा करार, सात वर्षांचा! स्टुडिओच्या क्रँडल साहेबांनी सगळ्यांसमोर एकच कार्ड वाचलं म्हणे — ओकारीवालं! म्हणाले, बायका जिचा एवढा राग करतात तिला सोडणारा गाढव. आता ओळीने वाईट बायकाच करायच्या. पोर स्वयंपाकघरात नाचली, मलाही फिरवलं. दोन कोंबड्या शिजवल्या. कार्डाबद्दल ब्र काढला नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी सहज विचारलं, ते पेला उचलून पुसणं दिग्दर्शकाने शिकवलं का.

“नाही गं. आजोबा खुर्चीत गेले तेव्हा मी दारात उभी होते. तू केलंस तस्संच केलं.”

तिचा कप टेबलावर आहे. खालचा डाग मी पुसलेला नाही.