साधनाची पुकार थांबव

सौ. पारूबाईस, प्रभूच्या नावाने सलाम.

मी सुखरूप पोचलो. आपली साधना चांगली आहे, अंगाने भरली आहे. कुष्ठरोग्यांची सेवा करून तिला काही झाले असेल, ही धास्ती गेली. तू गुडघ्याची गोळी घेतेस ना?

काल इथे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात साधनाचा सत्कार होता. शाल घ्यायला तिने स्वयंपाकीणबाईंनाच पुढे केले. मला राग आला. म्हणाली, "बाबा, प्रभूला माहीत हाय. अजून कोणाला दाखवायचं?"

मग लग्नाचे विचारले.

"शमुवेलवर माझा लय जीव हाय. पण त्याला आई सोडता येत न्हाई आन् मला ही माणसं. प्रभूनं मला इथं बोलावलंय."

"रडलीस का?"

"लय रडले. आता न्हाई."

तिचे शांत तोंड पाहिले आणि माझी महिनाभराची काळजी मिटली.

तिला न विचारता मी चर्चमध्ये सगळ्यांपुढे तिच्या नि शमुवेलच्या लग्नाची पहिली पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, करवली, ती चूक माझीच. पाळकसाहेबांना सांग, या रविवारी दुसरी करू नका. तुझ्याकडे फोन नाही, म्हणून पत्र गावाकडे निघालेल्या दत्तरावांबरोबर धाडतो, शनिवारी मिळेल.

शमुवेलला घरी बोलाव. फोनवर त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. आधी पोटभर जेवू घाल, मग सांग.

तुझा,
शांतवन