एकवीस टनांचं गणित

सर, काल दुपारी तुमचं ते ट्रकचं गणित मी पुन्हा सोडवलं. दहावीच्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानावर. उत्तर तेव्हा आलं होतं तेच आलं, दोनशे ऐंशी. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या तेराव्याला मी पेडण्याला आलो होतो, पंगतीत बसलो होतो. वाढता वाढता तुमच्या मुलाने विचारलं, "तुम्ही बाबांचे विद्यार्थी ना?" मी हो म्हटलं. आजूबाजूचे सगळे सांगत होते, सर कसे शिकवायचे, उष्णता आणि ऊर्जा कशी डोळ्यांपुढे उभी करायचे. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी मात्र अर्ध्या पानावरून, दक्षिणेचे पैसे तसेच ठेवून, हात धुवायला उठलो.

गणित तुम्ही स्वतः रचलं होतं. पुस्तकातली गणितं तुम्हाला आवडत नसत. गुळगुळीत पृष्ठभाग, घर्षण नगण्य माना, असलं काही आलं की तुम्ही म्हणायचात, "डिचोलीत गुळगुळीत काय आहे ते दाखवा मला, मग नगण्य मानू." वर्ग हसायचा. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर खाणीचा चढ काढलात, त्यावर एक ट्रक. मालासकट वजन पंधरा टन. एकशे वीस मीटर खाली उतरतो, वेग वाढू न देता. अर्धी ऊर्जा गिअर आणि इंजिन खातं, उरलेली अर्धी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ड्रमचं एकूण लोखंड दोनशे किलो. तापमान किती अंशांनी वाढेल? शंभर. उत्तर इतकं नेटकं आलं की तुम्ही खडू ठेवून हात झटकलेत. शेवटच्या बाकावर मी बसलेलो, आणि माझा बाप तोच ट्रक त्याच उतारावरून दिवसातून सहा वेळा आणत होता, हे तुम्हाला ठाऊक होतं.

बाबा सावंतवाडीकडचे. खाणीवर गाडी चालवायला आले आणि इथेच राहिले. रविवारी मी त्यांचा डबा घेऊन उताराच्या पायथ्याशी जायचो. गाडी थांबली की ते आधी व्हाळातून बालदीभर पाणी काढून ड्रमवर ओतायचे. चर्र आवाज, वाफ, आणि जळक्या ब्रेक लायनरचा तो वास. त्यानंतर ते डब्यातला उंडो पाव हातात घ्यायचे. त्या रविवारी मी वही घेऊनच गेलो. विचारलं, "बाबा, गाडयेत माल धरून वजन किती?"

"कागदार पंधरा."

"आणि खरां?"

"एकवीस. माल भरूच्या मशीनाचो बकेटवालो दोन बकेट जास्त घालता. तुका कित्याक व्हयां?"

"आणि उतरताना गिअर खंयचो?"

ते हसले. "गिअरात उतरलां तर डिझेल खाता, मेल्या. न्यूट्रल मारूचो नि देवाचां नाव घेवचां."

सगळेच तसेच उतरत. चढाच्या माथ्यावर काजऱ्याच्या झाडाखाली राखणदार देवचाराची जागा होती. तिथे बिडी ठेवायची, हात जोडायचे आणि गाडी मोकळी सोडायची. मी कधी त्याला हसलो नाही, आजही हसत नाही. रोज सकाळी देवासमोर दिवा लावल्याशिवाय मी दुकान उघडत नाही. पण माझा देव माझ्याकडून हिशेबात लबाडी मागत नाही, आणि तेव्हाही मागत नव्हता. त्या दिवशी देवळाच्या मंडपात बसून मी तुमचंच गणित बाबांच्या आकड्यांनी केलं. एकवीस टन. न्यूट्रल, म्हणजे इंजिन काही खात नाही, सगळी ऊर्जा ड्रममध्ये. दोनशे ऐंशी अंश. खाली पुस्तकी भाषेत लिहिलं, "इतक्या उष्णतेत ब्रेक धरतील का?"

सोमवारी मधल्या सुट्टीत वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही उभ्याउभ्या पानावरून बोट फिरवलंत, ओठ हलवत. मग बरोबरची खूण केलीत. मी पाहिली ती, सर. मग शेवटचा प्रश्न वाचलात, दाराकडे बघितलंत आणि त्याच लाल पेनने खुणेवर फुली मारलीत, दोनदा. तुम्ही वर्गात आणि सभेत कायम मराठी बोलायचात. त्या वेळी आवाज उतरवून कोकणीत म्हणालात, "हें कोणाक दाखोवं नाका. शाळेचे पत्रे कोणें दिले तें तुका खबर आसा मू?" मला खबर होती. शाळेच्या छपराचे पत्रे खाणवाल्यांनी दिले होते. मग तुम्ही लगेच मराठीत आलात आणि पलीकडच्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "गणितात दिलेले आकडे बदलायचे नसतात. पंधरा टन. पुन्हा कर."

मला राग याचा येतो, सर, की तुम्ही भित्रे नव्हतात. मराठी की कोकणी या भांडणात दोन्हीकडची माणसं रस्त्यावर होती तेव्हा तुम्ही डिचोलीच्या बाजारात स्टुलावर उभे राहून बोललात. दगड आला, कपाळाला लागला, रुमाल दाबून तुम्ही बोलणं पुरं केलंत. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून वर्गात आलात आणि आम्ही तुम्हाला बघतच राहिलो. गोवा राज्य झालं तेव्हा पेढे वाटताना म्हणालात, "आता आपलं आपण बोलायचं, भ्यायचं नाही." ते मी खरं मानलं होतं. म्हणून तर वही तुमच्याकडे आणली, दुसऱ्या कोणाकडे नाही. आम्ही काय बोलावं यासाठी तुम्ही रक्त सांडलंत, आणि एका मुलाने खरं मोजून आणलं तेव्हा तुम्हाला पत्रे आठवले. तुम्ही एकट्याने खाण थांबवावी असं मी कुठे म्हणत होतो? "बापाला सांग, गिअरात उतर," एवढे चार शब्द पुरले असते.

तीन आठवड्यांनी बाबांचे ब्रेक गेले. खाली रस्त्यावर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. बाबांनी गाडी जांभ्याच्या दरडीवर घातली. बायका वाचल्या. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. म्हापशाच्या इस्पितळात तुम्ही आलात, बिस्किटांचा पुडा घेऊन. माझ्यासाठी तुमचा स्वतःचा कंपास आणलात, पितळी, आतून निळ्या मखमलीचा. "शीक पोरा," म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. बाबा तुम्हाला हात जोडून सांगत होते, "चूक माझीच, मास्तर. त्या दिसा देवचाराक बिडी ठेवूक विसारलंय." तुम्ही खाटेचा दांडा धरून उभे होतात. दोनशे ऐंशी तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "होतं असं कधी कधी."

बाबा त्यानंतर अठरा वर्षं जगले. दर रविवारी कुबडी टेकत त्या काजऱ्याखाली जायचे, बिडी आणि जाड भाकरीचा रोट ठेवायचे आणि क्षमा मागायचे. देवचाराने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. तरी अठरा वर्षं एक निर्दोष माणूस चुकीच्या दारात उभा राहून माफी मागत राहिला. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. सप्तकोटेश्वराला नार्व्याला जातो तेव्हा प्रयत्न करतो. गाभाऱ्यापुढे डोळे मिटले की ती लाल फुली दिसते, आणि तिच्याखालची खूण.

आता माझं ब्रेक लायनरचं दुकान आहे, डिचोलीतच. खाणी बंद पडल्या, तरी गाड्या येतात. ड्रम हातात घेतला की निळी पडलेली कड बघून मला कळतं, हा न्यूट्रलमध्ये उतरतो. मी प्रत्येकाला सांगतो, गिअरात उतर. ते हसतात. एक जण परवा म्हणाला, "मास्तर होवपाचो तूं, शेठ, चुकून हांगा आयलो." तुमचा कंपास गल्ल्याशेजारी आहे. त्यातल्या कर्कटकाने मी लायनरवर भोकांच्या खुणा करतो.

एवढं सगळं लिहून झालं, आणि खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण एक राहिलं. तुम्ही फुली मारलीत त्या संध्याकाळी बाबा अंगणात पाय धूत होते. मी पायरीवर तोंड पाडून बसलेला बघून त्यांनी विचारलं, "काय झालां रे?"

"गणित चुकलां."

"खंयचां?"

"उतारावरच्या ट्रकाचां."

ते खो खो हसले. "ड्रायव्हराचो झील, नि ट्रकाचां गणित चुकता? बघूया, काय तां."

वही माझ्या मांडीवर उघडी होती, सर. मी ती मिटली.